काकू, झेरॉक्सला टाकू का?

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला आमच्या दिग्दर्शकाचा फोन आला. मी ओटा पुसत होते.

"काकू, नाटक सापडलं! दोन अंकी, सात पात्रं, सेट एकच. झेरॉक्सला टाकू का? उद्यापासून वाचन सुरू करून टाकतो."

"किमतीचं पान वाचलंस?"

"कोणतं पान?"

"मुखपृष्ठ उलटलं की लागतं ते. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, किंमत."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग तो जरा पडेल आवाजात वाचायला लागला, की या नाटकाचे प्रयोग, भाषांतर, ध्वनिमुद्रण, चित्रीकरण वगैरे सर्व हक्क अमुक यांच्याकडे असून प्रयोगापूर्वी लेखी परवानगी आणि मानधन आवश्यक आहे. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे तर प्रत्येकच पुस्तकात असतं, काकू."

असतं. म्हणूनच कोणी वाचत नाही. दहा वर्षं मीही वाचलं नव्हतं.

मी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका छोट्या हौशी मंडळाची खजिनदार. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे मंडळात शिरले त्याच दिवशी सगळ्यांनी एकमताने वही माझ्या हातात ठेवली. रंगमंचावर एकदाच गेले, तेही शेजारीण म्हणून, कारण जिने ते काम बसवलं होतं ती आयत्या वेळी डेंग्यूने आडवी झाली. माझं वाक्य एकच होतं, ते चुकलं. तेव्हापासून विंगेत बसून पैसे मोजते. वर्षाला एक नाटक, त्याचा एक प्रयोग, फार तर दोन, एवढाच आमचा पसारा.

२०१४ साली आम्ही एक विनोदी नाटक केलं. अकरा झेरॉक्स काढल्या, शंभर रुपये तिकीट लावलं, हॉल बऱ्यापैकी भरला. मंडळातल्या एका उत्साही मुलीने फेसबुकवर फोटो टाकले आणि अगदी आदराने लेखकाला टॅग केलं. चौथ्या दिवशी मला पुण्याहून फोन. लेखक स्वतः! मला वाटलं, आता हे पैसे मागणार. मनातल्या मनात शिल्लक किती ते आठवायला लागले. पण त्यांनी आधी विचारलं, प्रेक्षक किती होते, कोणता विनोद चालला, इंदुरात अजून मराठी नाटकाला माणसं येतात का. मी खुलून सांगत होते. मग म्हणाले, "एक विचारू? माझ्या नाटकात शेवटी ती घर सोडून निघून जाते. तुमच्या फोटोत ती चहाचा ट्रे घेऊन उभी आहे."

काय सांगणार? खरं ते सांगितलं. आमच्या तेव्हाच्या दिग्दर्शकांना वाटलं, कॉलनीतल्या लोकांना तो शेवट कडू लागेल. शिवाय दहा वाजले की चौकीदार किल्ल्या वाजवायला लागतो. म्हणून शेवटचा प्रवेश काढला आणि नवरा-बायकोचं मनोमीलन घडवून पडदा पाडला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, आधी विचारलं असतंत तर मीच काहीतरी छोटं करून दिलं असतं, तिला परत मात्र आणलं नसतं. मानधन म्हणून त्यांनी एक हजार सांगितले. मी दुसऱ्या दिवशी पाठवले. सोबत माफीचं पत्रही पाठवलं. ते लिहायला मला हजार रुपयांपेक्षा जड गेलं.

माझा भाचा इथल्या खंडपीठात वकिली करतो. त्याच्याकडे गेले. त्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून समोर ठेवला. कलम ५७ म्हणतं की लेखकाने हक्क विकून टाकले तरी त्याच्या लेखनाची मोडतोड होऊन त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर तो हरकत घेऊ शकतो. आणि कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. मी म्हटलं, बाबा रे, या गुडघ्यांनी मला तिथे खाली बसवणार नाही.

"तिकीट न लावता करा की मग, कसली परवानगी अन् कसलं काय," हे मला दरवर्षी निदान तिघं तरी सांगतात. यात अर्धं खरं आहे. कलम ५२ मध्ये सूट आहे: हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांना नाटक दाखवलं, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तर तो हक्कभंग धरत नाहीत. गणपतीच्या मांडवात दरी अंथरून केलेलं नाटक यात बसतं. पण आमची माणसं हुशार. एका वर्षी ठराव आला की तिकीट छापायचंच नाही, "देणगी प्रवेशिका" छापायची. देणगी ऐच्छिक, फक्त ती दिल्याशिवाय आत सोडायचं नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, हे तिकीटच करून राहिले तुम्ही, फक्त गुलाबी कागदावर." शिवाय त्या सुटीत शेवट बदलायची सूट नाही, हे त्याने मुद्दाम दोनदा सांगितलं. चहाच्या ट्रेची गोष्ट त्याने ऐकली होती.

आता प्रयोग फुकट असला तरी मी लेखकाला लिहितेच. एका लेखिकाबाईंनी उत्तर दिलं होतं, तिकीट नाही तर मानधन नको, पण कार्यक्रमपत्रिका पाठवा. मी पाठवली, सोबत छप्पन दुकानची शेवही. त्यांचं पत्र आलं ते शेवेबद्दलच जास्त होतं.

मानधनाला नाकं मुरडणाऱ्यांसाठी मी गेल्या वर्षीची वही बैठकीत मोठ्याने वाचली. लेखकाला एका प्रयोगाचे तीन हजार दिले होते. त्यावर कोषसमितीतल्या एका काकांचं म्हणणं होतं की बाई, दोनात जमवा ना. मी पान उलटलं. तालमी बेचाळीस दिवस, रोज सरासरी तेरा माणसं, एक वेळचा चहा दहा रुपये: ५,४६०. सहा रविवारी सकाळच्या तालमीला पोहे-जिलबी, माणशी चाळीस: ३,१२०. रंगीत तालमीच्या रात्रीच्या कचोऱ्या: ५२०. एकूण ९,१००. म्हणजे ज्याने नाटक लिहिलं त्याच्या तिप्पट पैसे आम्ही नाटक पाठ करताना खाल्ले. काका तेवढ्यात कचोरीच खात होते. त्यांनी ती खाली ठेवली नाही, पण पुढे काही बोललेही नाहीत.

सगळा खर्च ८०,२५० झाला. त्यात लेखक शंभरातले पावणेचार रुपये. सभागृहाचं भाडं २२,०००, नेपथ्य साडेचौदा, दिवे नऊ, ध्वनी सहा, बाकी ड्रेसवाला, रंगभूषा, छपाई, लोडिंग रिक्षा. उत्पन्न? दोनशेची २१४ तिकिटं, म्हणजे ४२,८००. स्मरणिकेच्या जाहिराती १८,०००. सोळा सभासदांची वर्गणी ८,०००. तूट ११,४५०. ती कशी भरली ते इथे लिहीत नाही, आमचे हे हा ब्लॉग वाचतात.

तिकीट दोनशेच्या वर नेता येत नाही. नाटकाच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, तेव्हा अडचण कराची नाहीच. अडचण अशी की इथल्या सानंदसारख्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं इंदूरकरांना गावातच बघायला मिळतात. फिरता रंगमंच बघून आलेल्या माणसाला आमच्या हलणाऱ्या भिंतीचे तीनशे कसे सांगायचे? भिंत हलायला नको होती, हे मात्र खरं.

त्या भिंतींबद्दल थोडं लिहिते, कारण पैसे वाचतात ते तिथेच. पूर्वी आम्ही दरवर्षी प्लायवूडचा सेट करून घ्यायचो आणि प्रयोगानंतर तो कोणाच्या तरी गच्चीवर कुजायचा. आमच्या नेपथ्यवाल्या भाऊंनी (सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त) ते बंद करवलं. त्यांनी चार बाय आठच्या बारा लाकडी चौकटी एकदाच बनवून घेतल्या आणि त्यांवर मांजरपाट ताणून ठोकला. कापड क्लॉथ मार्केटातून ठोकात आणलं. ठोकताना मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, नाहीतर सुरकुती राहते. मग पातळ खळ करून त्यात खडूची पूड कालवायची आणि दोन हात द्यायचे. ओलं असताना कापड लोंबतं आणि पोटात गोळा येतो की गेलं सगळं वाया. सकाळपर्यंत वाळून असं ताणलं जातं की टिचकी मारली तर डफासारखं वाजतं. त्यावर डिस्टेंपर. पुढच्या वर्षी नवा रंग, दिवाणखान्याचं पोलीस ठाणं होतं. चार-पाच रंगांनंतर मात्र पापुद्रे सुटायला लागतात आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर पोलीस ठाणं गळायला लागतं. तेव्हा कापड फाडून नवं, चौकटी त्याच. पहिल्या वर्षी खर्च जास्त आला, त्यानंतर नेपथ्याचा आकडा निम्म्यावर आला. गेल्या वर्षी साडेचौदा झाला कारण दिग्दर्शकाला जिना हवा होता. जिन्यावरून एकच पात्र एकदाच उतरलं.

सभागृहाबद्दल एकच सांगते. भाडं सांगतात ते जीएसटी सोडून असतं आणि डिपॉझिट पूर्ण परत येतंच असं धरू नका. एका सभागृहात (नाव नको) आमचे दहा हजारांतले दीड कापले, कारण आमच्या एका मुलाने भिंतीचा टेकू स्टेजच्या लाकडात खिळ्याने ठोकला. चूक आमचीच होती, पण दीड हजारांचा खिळा मी त्याआधी पाहिला नव्हता. आता टेकूवर वाळूची पोती ठेवतो. आणि मी आत शिरल्या शिरल्या स्टेजचे जुने खड्डे मोबाइलवर टिपून व्यवस्थापकाला दाखवून घेते.

मानधन वाचवायचा एक राजमार्ग आहे असं २०१८ साली आम्हाला वाटलं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी नाटक सगळ्यांचं होतं. मोजायचं ते मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. देवल १९१६ साली गेले, खाडिलकर १९४८ साली, म्हणजे दोघांचीही नाटकं मोकळी. मामा वरेरकर १९६४ साली गेले, त्यांची २०२५ च्या १ जानेवारीपासून मोकळी झाली. अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा २०२९ संपेपर्यंत थांबायचं. ही यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. वर्षं मोजणं हे तसंही मुदत ठेवीचंच काम.

तर देवलांचं नाटक घेतलं. मानधन शून्य. मंडळ खूश. मग नऊवारी लागल्या, पगड्या लागल्या, उपरणी लागली. ड्रेसवाला पगडीमागे दीडशे म्हणाला आणि डोक्यावर बसेना ती परत घेईना. ऑर्गन मिळेना म्हणून साध्या पेटीवर भागवलं, पण पेटीवाले आणि तबलजी यांना तालमींसकट बिदागी द्यावीच लागते. गाणारी नटी आमच्याकडे एकच, तिचा घसा बसला तेव्हा तिच्या ज्येष्ठमधाचं बिलसुद्धा वहीत चढलं. नाटक चार तासांच्या घरात गेलं आणि सभागृहाने जादा तासाचे अडीच हजार लावले. तीन हजार वाचवायला गेलो आणि एकवीस हजार जास्त खर्चून आलो. प्रयोग मात्र असा रंगला की तिलक नगरहून आलेल्या एक आजी पदाला "वन्स मोअर" म्हणून उभ्याच राहिल्या. पुढच्या बैठकीत मी मोकळ्या नाटकाचं नाव काढू दिलं नाही. त्या आजी भेटल्या की अजून विचारतात, परत कधी?

त्या वेळी आणखी दोन गोष्टी कळल्या. कोणीतरी इंटरनेटवरून एका आजच्या दिग्दर्शकाने केलेली दोन तासांची रंगावृत्ती आणली होती. मूळ नाटक मोकळं असलं तरी रंगावृत्ती त्या दिग्दर्शकाची, तिला परवानगी लागते. म्हणून आम्ही मूळ पुस्तक घेऊन आपली कात्री चालवली आणि गाळलेली पदं कार्यक्रमपत्रिकेत छापली. देवलांना विचारायची सोय नव्हती. दुसरं असं की पदाचे शब्द मोकळे म्हणजे त्याची रेकॉर्डही मोकळी असं नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि तो प्रसिद्ध झाल्यापासूनची साठ वर्षं वेगळी मोजायची. मध्यंतरात मोबाइलवरून जुनं पद लावायचा बेत होता तो मी हाणून पाडला. अनुवादित नाटकातही तेच: बंगालीतून मराठीत आलेलं नाटक असेल तर मूळ लेखकाचा होकार वेगळा आणि अनुवादकाचा वेगळा.

आणि चित्रीकरण! प्रयोगाची परवानगी एका प्रयोगाची असते. एका वर्षी एका नटाच्या चिरंजिवांनी अख्खा प्रयोग मोबाइलवर घेऊन रात्रीच नेटवर चढवला. सकाळी त्याचा आवाज बंद पडलेला, कारण आम्ही पार्श्वसंगीताला कुठल्याशा चित्रपटाची धून वापरली होती आणि तिच्या मालकांचा दावा लागला. चाळीस मिनिटं आमची माणसं मुक्याने हातवारे करताना दिसत होती. पोराला वाईट वाटलं. मला हायसं वाटलं, लेखकाने पाहिलं असतं तर पुन्हा पुण्याहून फोन.

आता माझं पत्र ठरलेलं आहे. नाटकाचं नाव, तारीख, सभागृह, प्रयोग किती, तिकीट किती, आसनं किती, हे पहिल्या परिच्छेदात. काही गाळायचं-बदलायचं असेल तर पान क्रमांकासकट दुसऱ्यात. चित्रीकरण करणार नाही, हे तिसऱ्यात. शेवटी, मानधन किती आणि कोणत्या खात्यावर. तिकीट विक्रीचा आकडा मी लपवत नाही. एका लेखकांनी तो वाचून पाच हजारांचे अडीच केले होते. फोनवरचा "हो हो, करा की" मी मोजत नाही; परवानगी लेखी हवी. व्हॉट्सअॅपवर आली तर प्रिंट काढून फायलीत लावते आणि तरीही एका ओळीचा मेल मागते. मंडळातले लोक हसतात. हसू देत.

तर या वेळचं नाटक. लेखक २०११ साली गेले. प्रकाशकाला फोन केला, त्यांनी मुलाचा नंबर दिला. मुलगा ठाण्याला असतो. गोड माणूस, लगेच म्हणाला, बाबांना इंदूर फार आवडायचं, करा, मी मेल टाकतो. मेल दुसऱ्या दिवशी आला. त्यात खाली एक ओळ होती, की हक्क माझे आणि ताईचे दोघांचे आहेत, तिलाही विचारून घ्या. भाचा म्हणाला, दोघांचे असतील तर दोघांचा होकार हवा. ताई नागपूरला. पंचाहत्तरीच्या. मेल बघत नाहीत, नातवाला दाखवायला सांगते म्हणाल्या. त्यांनी मला उलट विचारलं, दुसऱ्या अंकातली ती आत्या कोण करणार आहे? ती आमची खरी आत्या होती, तिला फार आरडाओरडा करायला लावू नका.

मी दिग्दर्शकाला तसं सांगितलं. तो हिरमुसला. आत्याच्या आरडाओरड्यावरच त्याला नाटक आवडलं होतं.

प्रकाशकाकडे चारच प्रती शिल्लक होत्या. टपालखर्चासकट ७९० रुपयांना मागवल्या, वहीत लिहिल्या. सात नट चार पुस्तकांत डोकं घालून मंदिराच्या हॉलमध्ये वाचन करतात, आणि झेरॉक्स ९६ रुपयांत झाली असती हे मला रोज एकदा ऐकवतात. चहाचे आतापर्यंत ५४० झाले.

सभागृहाचं डिपॉझिट सोमवारी भरायचं आहे आणि ताईंचा मेल अजून नाही. दुपारी त्या झोपतात. पाचनंतर फोन करते.